स्ट्रॉबेरी फील्ड, लिव्हरपूल: हवेलीचं बालगृह कसं झालं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिव्हरपूल बघून आलेले, बघायला निघालेले, बीटल्स या इंग्लिश बँडच्या जॉन लेननने लिहिलेलं 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' हे गाणं ऐकून कुतूहल वाटलेले आणि आपल्या कुटुंबातल्या कुणाचा तरी माग काढणारे, अशा सगळ्यांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. स्ट्रॉबेरी फील्ड म्हणजे नक्की काय? शेत, बाग की अनाथाश्रम?

लिव्हरपूलच्या वूल्टन या उपनगरात बीकन्सफील्ड रोडवर असलेल्या एका जागेचं हे नाव. एकोणिसाव्या शतकात तिथे एका जहाजमालकाची गॉथिक धाटणीची हवेली होती. १९३४ मध्ये ती साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती धर्मादाय संस्थेने (प्रश्न ४) विकत घेतली आणि १९३६ पासून तिथे बालगृह चालवलं. १९७३ मध्ये हवेली पाडली, त्याच आवारात नवी लहान इमारत बांधली, आणि २००५ मध्ये बालगृह बंद झालं. २०१९ पासून तिथे प्रदर्शन, बाग आणि तरुणांसाठी प्रशिक्षण केंद्र आहे. बहुतेकांना हे नाव १९६७ च्या गाण्यामुळे माहीत असतं, पण बालगृह त्या गाण्याच्या एकतीस वर्षं आधी सुरू झालं आणि नंतर अडतीस वर्षं चाललं.

२. 'फील्ड' बरोबर की 'फील्ड्स'?

जागेचं नाव एकवचनी: स्ट्रॉबेरी फील्ड. गाण्यात ते अनेकवचनी आहे आणि न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या लेननच्या स्मारकाचंही. मात्र 'फील्ड्स' लिहिणाऱ्याला थेट चूक ठरवू नका. १८९१ च्या ऑर्डनन्स सर्व्हेच्या (ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेच्या) नकाशावर हे नाव अनेकवचनीच छापलेलं आहे आणि नंतरच्या नकाशांत ते एकवचनी झालं. जुनी कागदपत्रं शोधताना दोन्ही रूपं टाकून बघा, नाहीतर अर्ध्या नोंदी हातातून निसटतात.

३. हवेली कोणाची होती आणि किती जुनी?

घराचं नाव कागदोपत्री पहिल्यांदा दिसतं ते १८७० मध्ये. तेव्हा मालक होता जॉर्ज हिग्नेट वॉरन, जहाजांच्या धंद्यातला बडा माणूस. लिव्हरपूल बंदराच्या भरभराटीचा तो काळ. धुराने काळवंडलेलं शहर आणि गोदी मागे टाकून श्रीमंत व्यापारी वूल्टनच्या उंचावरच्या मोकळ्या हवेत घरं बांधत होते. वूल्टन तेव्हा लिव्हरपूल शहराचा भागही नव्हतं, ते १९१३ मध्ये शहरात सामील झालं. वॉरन १९१२ मध्ये वारला आणि घर अलेक्झांडर मिचेल या दुसऱ्या धनिक व्यापाऱ्याकडे गेलं. म्हणजे एकूण सुमारे शंभर वर्षांच्या आयुष्यात ही वास्तू साठेक वर्षं खाजगी घर होती आणि उरलेली चाळीस वर्षं मुलांची.

छायाचित्रं पाहताना एक काळजी घ्या. वूल्टन हॉल ही त्याच परिसरातली वेगळी, अठराव्या शतकातली वास्तू आहे आणि तिच्यावर रॉबर्ट अ‍ॅडम या वास्तुरचनाकाराचं काम आहे. तिचे फोटो स्ट्रॉबेरी फील्डच्या नावाने फिरताना दिसतात. टोकदार त्रिकोणी छपरं आणि गॉथिक खिडक्या नसतील, तर तो फोटो या हवेलीचा नाही.

४. साल्व्हेशन आर्मी म्हणजे आपल्याकडची मुक्तिफौज का?

हो, तीच. विल्यम आणि कॅथरिन बूथ यांनी १८६५ मध्ये पूर्व लंडनच्या गरीब वस्तीत सुरू केलेलं ख्रिस्ती मिशन १८७८ मध्ये साल्व्हेशन आर्मी झालं. पाद्र्यांऐवजी अधिकारी, प्रमुखाला जनरल, अंगात गणवेश आणि सोबत ब्रास बँड, अशी लष्करी धाटणी तेव्हापासूनची. १९ सप्टेंबर १८८२ ला फ्रेडरिक टकर आणि त्यांचे सोबती मुंबईच्या धक्क्यावर उतरले आणि संस्थेचं भारतातलं काम तिथूनच सुरू झालं. टकर आधी सनदी नोकरीत होते. इथे त्यांनी देशी वेश आणि 'फकीर सिंग' हे नाव घेतलं. मराठीत 'मुक्तिफौज' हेच नाव रूढ झालं.

स्ट्रॉबेरी फील्डशी याचा सरळ धागा आहे. १९३६ च्या उद्घाटनाला हजर असलेल्या जनरल इव्हँजेलिन बूथ या संस्थापकांची मुलगी आणि संस्थेच्या पहिल्या स्त्री जनरल (१९३४ ते १९३९). अहिल्यानगरमध्ये, म्हणजे जुन्या अहमदनगरमध्ये, ज्याला सगळे 'बूथ हॉस्पिटल' म्हणतात, त्याचं पूर्ण नाव इव्हँजेलिन बूथ हॉस्पिटल. नगरकरांच्या रोजच्या बोलण्यातलं हे नाव लिव्हरपूलच्या या बालगृहाच्या पहिल्या दिवसाशी असं जोडलेलं आहे.

५. एवढी हवेली संस्थेला कुणी दान दिली का?

नाही. मिचेल यांच्या पत्नीने पतीच्या पश्चात १९३४ मध्ये ती मालमत्ता साल्व्हेशन आर्मीला विकली.

हे समजून घ्यायला त्या वेळचा बाजार पाहायला हवा. पहिल्या महायुद्धानंतर अशी घरं मालकांच्या गळ्यात पडली होती. ती चालायची नोकरांच्या जोरावर: कोळसा वाहणारे, चुली-शेगड्या पेटवणारे, कपडे धुणारे, माळी. युद्धानंतर या कामाला माणसं मिळेनात, मिळाली तर पगार परवडेनात. वारसाकर वाढला होता. १९३० च्या मंदीत बंदराचा धंदा बसला. मोठ्या घराला खाजगी गिऱ्हाईक मिळणं अवघड झालं, म्हणून ब्रिटनभर अशी घरं शाळा, शुश्रूषागृहं, मठ आणि बालगृहं यांच्याकडे गेली. संस्थांना एका सौद्यात भरपूर खोल्या आणि मोकळं आवार मिळायचं. तेव्हाचा हिशेब बरोबरच होता. खर्च पुढे येतो, तो प्रश्न ८ आणि ९ मध्ये.

६. बालगृह कधी सुरू झालं आणि तिथे कोण राहायचं?

७ जुलै १९३६ ला, लेडी बेट्स यांच्या हस्ते. सुरुवातीला फक्त मुली, जास्तीत जास्त चाळीस. १९५० च्या दशकात पाच वर्षांखालच्या मुलग्यांना घ्यायला सुरुवात झाली आणि मोठे मुलगे त्याहीनंतर आले.

वंशावळ शोधणाऱ्यांसाठी हा क्रम महत्त्वाचा आहे. 'आमचे आजोबा १९४० मध्ये दहा वर्षांचे असताना स्ट्रॉबेरी फील्डला होते' असं घरात सांगितलं जात असेल, तर ते बहुधा दुसरं बालगृह असणार. भावंडांनाही याच नियमाचा फटका बसायचा: बहीण इथे आणि भाऊ भलतीकडे. अशा वेळी दोघांच्या नोंदी दोन ठिकाणी शोधाव्या लागतात.

७. तिथली सगळी मुलं अनाथ होती का?

नाही, आणि म्हणूनच 'अनाथाश्रम' हा शब्द आम्ही या पानावर वापरत नाही. 'बालगृह' जास्त खरं आहे. त्या काळच्या ब्रिटिश बालगृहांतल्या अनेक मुलांचे आई किंवा वडील, कधी दोघेही, हयात असत. आई क्षयाने रुग्णालयात, वडील समुद्रावर, नवराबायकोची ताटातूट, लग्नाआधीचं मूल, घरभाडं थकलेलं, घरात मारहाण, अशी कारणं असायची. काही मुलं चार-सहा महिन्यांत घरी परतायची, काही तिथेच मोठी व्हायची. मुलाला 'अनाथ' म्हटलं की त्याचे आईवडील गोष्टीतूनच पुसले जातात. पुढे शोध घेणाऱ्या नातवंडांनाही वाटतं की मागे कुणी नव्हतंच, आणि ती शोध सोडून देतात.

८. हवेलीत मुलं ठेवणं सोयीचं होतं का? जागा तर भरपूर होती.

जागा भरपूर असणं आणि ती मुलांच्या कामाची असणं यात फरक आहे. व्हिक्टोरियन हवेलीत नेमकं काय नडतं, ते घराची रचना पाहिली की कळतं.

छत उंच आणि खोल्या प्रशस्त, त्यामुळे ऊब वर जाते आणि लहान मूल जिथे वावरतं ती जमिनीलगतची हवा गार राहते. प्रत्येक खोलीची शेगडी वेगळी, म्हणजे रोज कोळसा वर न्यायचा आणि राख खाली आणायची. दिवाणखाने आणि मोठ्या शयनगृहांत ओळीने पलंग टाकून सामायिक झोपायच्या खोल्या होतात, पण मग एकाही मुलाला स्वतःचा कोपरा उरत नाही. एका कुटुंबाच्या बेताने ठेवलेली न्हाणीघरं चाळीस जणांना पुरत नाहीत, म्हणून आंघोळीच्या पाळ्या लागतात. देखणा मुख्य जिना मधोमध मोकळा असतो. आग लागली तर तो धुराड्यासारखा धूर वर ओढतो, आणि दुसरा जिना नोकरांसाठीचा, अरुंद आणि वळणांचा. शेवटी स्वयंपाकघर तळघरात किंवा मागच्या टोकाला. त्यामुळे मुलं स्वयंपाक होताना बघत नाहीत, आईच्या ओट्याशी लुडबुड करण्याचं जे साधं सुख असतं, त्यालाही मुकतात.

आवार मात्र खरंच मोलाचं होतं. झाडी, गवत, पळायला जागा. गोदीजवळच्या दाटीवाटीच्या गल्ल्यांतून आलेल्या मुलांना हे दुसरीकडे मिळालं नसतं.

९. मग हवेली पाडली का? वारसा म्हणून जपायला नको होती का?

१९७० च्या सुमारास इमारतीच्या मूळ रचनेतच मोठे दोष निर्माण झाले होते आणि १९७३ मध्ये ती पाडण्यात आली. अशा घरांची पडझड बहुतेक वेळा एका ठरलेल्या वाटेने होते. अनेक उतारांच्या छपरात दोन उतार मिळतात तिथे शिशाच्या पत्र्याची पन्हळ असते. ती पानांनी तुंबली किंवा तिला चीर गेली की पाणी भिंतीत उतरतं. भिंतीत रोवलेल्या तुळयांची टोकं ओली राहतात. लाकडातली ओल साधारण २० टक्क्यांच्या वर गेली आणि हवा कोंडलेली असली की 'ड्राय रॉट' ही बुरशी धरते. ही बुरशी लाकडापुरती थांबत नाही. तिचे तंतू विटांच्या सांध्यांतून पलीकडच्या लाकडापर्यंत पोचतात. म्हणून सडका भाग काढून भागत नाही, जिथवर बुरशी दिसते त्याच्याही पुढचं धड लाकूड कापावं लागतं, गिलावा उकरावा लागतो, आणि पाण्याचा मूळ स्रोत बंद केला नाही तर सगळी दुरुस्ती वाया जाते. धर्मादाय पैशावर चालणाऱ्या संस्थेला हा खर्च झेपणं कठीण.

जपणुकीचं म्हणाल, तर तेव्हा व्हिक्टोरियन गॉथिकला आजच्यासारखी किंमत नव्हती. अशा वास्तू जपण्यासाठी झटणारी व्हिक्टोरियन सोसायटी स्थापन झाली तीच १९५८ मध्ये, आणि लंडनच्या युस्टन रेल्वे स्थानकाची जुनी कमान १९६१-६२ मध्ये विरोध असूनही पाडली गेली.

पण दुसरं कारण आम्हाला अधिक वजनदार वाटतं: मुलं कशी वाढवावीत याची कल्पनाच बदलली होती. १९४५ मध्ये डेनिस ओनील हा मुलगा पालक-कुटुंबात (दुसऱ्याचं मूल सांभाळायला घेणाऱ्या कुटुंबात) झालेल्या छळाने दगावला, देश हादरला, आणि सरकारने नेमलेल्या कर्टिस समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला. त्यात म्हटलं होतं की मुलाला शक्यतो कुटुंबात ठेवावं. बालगृहच लागलं तर ते लहान असावं, आठ मुलं उत्तम, बारापेक्षा जास्त नकोत. १९४८ च्या बालक कायद्याने प्रत्येक स्थानिक प्राधिकरणात मुलांसाठी स्वतंत्र विभाग आला. चाळीस मुलांची हवेली ही त्यानंतर मागच्या जमान्याची गोष्ट झाली होती. वास्तू गेली याची हळहळ वाटते, तरी मुलांच्या बाजूने पाहिलं तर १९७३ चा निर्णय योग्यच होता.

१०. नवी इमारत कशी होती आणि तीही बंद का झाली?

ती मुद्दाम बालगृह म्हणूनच बांधलेली होती: तीन कौटुंबिक घटक, प्रत्येकात जास्तीत जास्त बारा मुलं. बारा हा आकडा कुठून आला, ते वरच्या उत्तरात आहेच. मोठ्या आवाराचा काही भाग घरबांधणीसाठी गेला. आज शेजारच्या रस्त्याला स्ट्रॉबेरी फील्ड रोड हे नाव आहे.

२००५ मध्ये बालगृह बंद झालं, कारण ब्रिटनमध्ये बहुतेक मुलांना आता पालक-कुटुंबात ठेवलं जातं आणि बालगृहं असलीच तर चार-सहा मुलांची असतात. कर्टिस समितीने दाखवलेल्या दिशेनेच हे सगळं गेलं.

११. जॉन लेनन त्या बालगृहात वाढला, हे खरं का?

नाही. या पानावर सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच आहे.

लेनन (जन्म ९ ऑक्टोबर १९४०) लहानपणापासून मावशी मिमी आणि तिचे पती जॉर्ज स्मिथ यांच्याकडे वाढला, २५१ मेनलव्ह अव्हेन्यू या 'मेंडिप्स' नावाच्या घरात. तिथून स्ट्रॉबेरी फील्ड पायी काही मिनिटांवर. बालगृहाच्या आवारातल्या झाडीत तो मित्रांबरोबर खेळायचा, आणि दर उन्हाळ्यात तिथे भरणाऱ्या बागेतल्या जत्रेला मावशीबरोबर जायचा. मुक्तिफौजेचा बँड वाजायला लागला की त्याला घरात राहवत नसे.

गैरसमज होतो, कारण आई जिवंत असून तो मावशीकडे होता आणि आई ज्युलिया १९५८ मध्ये मेनलव्ह अव्हेन्यूवरच मोटारीच्या धडकेत गेली. या दुःखाचा धागा लोक बालगृहाशी जोडतात.

१२. लेनन आणि बीटल्समधला त्याचा साथीदार पॉल मॅकार्टनी यांची पहिली भेट इथल्याच जत्रेत झाली ना?

नाही. ती भेट ६ जुलै १९५७ ला वूल्टनच्या सेंट पीटर्स चर्चच्या जत्रेत झाली. दोन्ही जागा एकाच उपनगरात आणि दोन्हीकडे जत्रा, त्यामुळे गल्लत होते.

१३. गाण्यात बालगृहाचं वर्णन आहे का? आणि गाण्याने बालगृहाचं काय झालं?

गाणं बालगृहाचं वर्णन करत नाही. लेननने ते १९६६ च्या शरदात स्पेनमधल्या अल्मेरियाला असताना लिहायला घेतलं, त्याच वर्षी २४ नोव्हेंबरपासून लंडनमध्ये ध्वनिमुद्रण झालं, आणि फेब्रुवारी १९६७ मध्ये ते 'पेनी लेन' या गाण्याबरोबर एकाच तबकडीवर आलं. दुसरं गाणंही लिव्हरपूलच्याच एका रस्त्याचं.

परिणाम मात्र खोल झाला. जगभरातून लोक फाटकाशी येऊन उभे राहू लागले, खांबांवर नावं कोरू-रंगवू लागले. आत तेव्हा मुलं राहत होती, हे त्यांच्यातल्या कितीजणांच्या ध्यानात असायचं? १९६७ ते २००५ ही अडतीस वर्षं त्या मुलांच्या घराचं दार अनोळखी माणसांच्या फोटोत येत राहिलं. हा भाग बीटल्सच्या इतिहासात फारसा येत नाही. तो यायला हवा.

१४. लाल फाटक खरं आहे की नक्कल?

दोन्ही आहेत. मूळचं ओतीव-घडीव लोखंडाचं लाल फाटक मे २००० मध्ये चोरट्यांनी व्हॅनमध्ये घालून पळवलं होतं. ते जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याकडे गेलं आणि हे कुठलं फाटक आहे ते कळताच त्याने परत केलं. गंज आणि लोकांची हाताळणी यांनी ते झिजत चाललं, म्हणून मे २०११ मध्ये ते उतरवून हुबेहूब प्रतिकृती बसवली. मूळ फाटक आता आत, आवारात ठेवलेलं आहे. म्हणजे रस्त्यावरून दिसणाऱ्या फाटकाचा २०११ नंतरचा फोटो हा प्रतिकृतीचा. रस्त्यालगतचे दगडी खांब त्यावरच्या लिखाणामुळे लगेच ओळखू येतात.

१५. आज तिथे काय बघायला मिळतं?

१४ सप्टेंबर २०१९ ला नवं केंद्र लोकांसाठी खुलं झालं. त्यात जागेचा, बालगृहाचा आणि गाण्याचा इतिहास सांगणारं प्रदर्शन, उपाहारगृह, दुकान आणि बाग आहे. त्याच छताखाली 'स्टेप्स टू वर्क' हा उपक्रम चालतो. शिकण्यात अडचणी असलेल्या आणि नोकरी मिळवताना अडथळे येणाऱ्या तरुणांना कामाचं प्रशिक्षण दिलं जातं, आणि भेट देणाऱ्यांच्या पैशातून त्याला हातभार लागतो. चहा तिथेच घ्या.

हवेली बघायला मिळणार नाही, हे मनाशी धरूनच जा. मेंडिप्स आतून बघायचं असेल तर नॅशनल ट्रस्ट या वारसास्थळं जपणाऱ्या संस्थेची आगाऊ नोंदणीची सहल घ्यावी लागते. तिथे थेट जाऊन प्रवेश मिळत नाही, आणि दारातून परत आलेल्यांची निराशा आमच्याकडे नियमित पोचते.

१६. न्यूयॉर्कचं स्ट्रॉबेरी फील्ड्स याच संस्थेचं आहे का?

नाही. ते सेंट्रल पार्कमधलं अडीच एकरांचं लेननचं स्मारक आहे. ९ ऑक्टोबर १९८५ ला, म्हणजे त्याच्या वाढदिवशी, ते अर्पण झालं. बालगृहाशी त्याचा नावापुरताच संबंध.

१७. अशा हवेलीचा जुना इतिहास कागदपत्रांतून कसा शोधायचा?

नकाशापासून सुरुवात करा. ऑर्डनन्स सर्व्हेचे सहा इंचांना एक मैल आणि पंचवीस इंचांना एक मैल असे दोन जुने संच स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. पंचवीस इंची नकाशात घराचा आराखडा, काचघरं, तबेले आणि फाटकाची जागाही ओळखू येते. दोन वर्षांचे नकाशे शेजारी ठेवले की कोणता भाग केव्हा जोडला ते कळतं.

मग माणसं. जनगणना दर दहा वर्षांनी: २ एप्रिल १८७१, ३ एप्रिल १८८१, ५ एप्रिल १८९१, ३१ मार्च १९०१, २ एप्रिल १९११, १९ जून १९२१. त्या एका रात्री जो घरात होता त्याचीच नोंद होते. मालक परगावी असेल तर घरात फक्त नोकर सापडतात आणि लोक समजतात की घर त्यांचं होतं. मधल्या वर्षांसाठी गोरची लिव्हरपूल डिरेक्टरी (शहरातल्या रहिवाशांची आणि धंद्यांची छापील यादी) बघा, ती लिव्हरपूल रेकॉर्ड ऑफिसमध्ये, विल्यम ब्राउन स्ट्रीटवरच्या सेंट्रल लायब्ररीत मिळते. मालकाच्या मृत्यूनंतर मालमत्तेचं काय झालं, ते १८५८ पासूनच्या मृत्युपत्रांच्या राष्ट्रीय सूचीत सापडतं. वॉरनसाठी १९१२ पासून पुढची पानं चाळा.

खरेदीखतांच्या बाबतीत भारतातली सवय सोडा. आपल्याकडे सातबारा किंवा मिळकत पत्रिका मागितली की मालकांची साखळी बरीचशी उलगडते. लिव्हरपूल तेव्हा ज्या काउंटीत होतं त्या लँकशरमध्ये दस्त नोंदवणारं जुनं कार्यालयच नव्हतं, आणि विक्रीवर जमिनीची नोंदणी सक्तीची अख्ख्या इंग्लंडभर झाली ती १ डिसेंबर १९९० पासून. तोवर मूळ दस्त मालकाच्या किंवा वकिलाच्या पेटीत असत. त्यामुळे लँड रजिस्ट्रीत उतारा मागितला आणि १९३४ चा व्यवहार सापडला नाही, म्हणून तो झालाच नाही असं समजू नका.

१८. माझ्या सासूबाई लहानपणी तिथे होत्या. त्यांची नोंद कशी मिळेल?

त्या हयात असतील तर अर्ज त्यांनीच करायचा किंवा तुम्हाला लेखी अधिकार द्यायचा. ब्रिटनच्या माहिती संरक्षण कायद्यानुसार स्वतःबद्दलची माहिती मागणं विनाशुल्क आहे, उत्तर एक महिन्यात द्यावं लागतं, आणि गुंतागुंतीच्या प्रकरणात आणखी दोन महिने वाढवता येतात.

अर्जात जन्मतारीख, तेव्हाचं संपूर्ण नाव (लग्नाआधीचं, आणि आडनाव बदललं असेल तर तेही), अंदाजे वर्षं, भावंडांची नावं आणि आईवडिलांची नावं द्या. ओळखपत्राची प्रत जोडा. बहुतेक अर्ज अडकतात ते लग्नानंतरचं नाव दिल्यामुळे.

अर्ज दोन ठिकाणी करा, ही सर्वांत उपयोगी सूचना. मुलाला तिथे कौन्सिलने, म्हणजे स्थानिक प्राधिकरणाने, ठेवलं असेल तर त्याची एक फाइल संस्थेकडे आणि दुसरी, अनेकदा जास्त जाड, कौन्सिलकडे असते. संस्थेकडे कधीकधी फक्त प्रवेश आणि सुटकेच्या तारखा मिळतात, पण का ठेवलं ते कौन्सिलच्या फायलीत असतं. घरच्यांनी स्वतः आणून सोडलेल्या मुलाची कौन्सिलकडे फाइल नसू शकते. सध्या अशा फायली मूल पंचाहत्तर वर्षांचं होईपर्यंत ठेवाव्या लागतात, पण हा नियम १९९१ पासूनचा, आणि त्याआधीची बरीच कागदं तेव्हाच नष्ट झाली.

व्यक्ती हयात नसेल तर साल्व्हेशन आर्मीच्या लंडनमधल्या, डेन्मार्क हिल इथल्या इंटरनॅशनल हेरिटेज सेंटरला लिहा. हयात नातेवाईक शोधायचा असेल तर संस्थेची कुटुंब-शोध सेवा वेगळी आहे, ती १८८५ पासून चालते.

१९. जनगणनेत सासूबाईंचं नावच नाही. मग त्या तिथे नव्हत्याच का?

तसं नाही. बालगृहाच्या पहिल्या पिढीसाठी जनगणना जवळपास निरुपयोगी आहे. १९३१ ची इंग्लंडची जनगणना १९४२ मध्ये आगीत जळाली, तशीही ती बालगृहाच्या आधीची. १९४१ मध्ये युद्धामुळे जनगणना झालीच नाही. १९५१ ची शंभर वर्षांच्या मुदतीमुळे अजून बंद आहे.

हाती राहतं ते १९३९ चं रजिस्टर, म्हणजे युद्ध सुरू झाल्यावर २९ सप्टेंबर १९३९ ला झालेली देशभरातल्या लोकांची नोंदणी. त्यात दोन अडचणी येतात. जन्माला शंभर वर्षं झाली नसतील तर नाव झाकलेलं असतं. मृत्यूचा दाखला दिला की ते उघडून मिळतं. दुसरी अडचण जास्त फसवी: महायुद्धामुळे शहरांतली मुलं गावोगावी हलवण्याचं काम १ सप्टेंबरलाच सुरू झालं होतं, म्हणजे नोंदणीआधी चार आठवडे. मूल बालगृहातलं असूनही त्या रात्री नोंदलेलं असेल भलत्याच काउंटीत. म्हणून पत्त्याने शोधून थांबू नका, नाव आणि जन्मतारखेने देशभर शोधा.

२०. बालगृहातून दत्तक गेलेल्या व्यक्तीसाठी वेगळी पद्धत आहे का?

आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये दत्तक व्यक्तीला मूळ जन्मदाखल्याची माहिती मिळवण्याचा हक्क १९७५ च्या कायद्याने आला. १२ नोव्हेंबर १९७५ च्या आधी दत्तक गेलेल्यांना ती मिळण्यापूर्वी समुपदेशकाची भेट घ्यावीच लागते. कारण त्या काळी जन्मदात्या आईला तिची ओळख कधीच उघड होणार नाही असं सांगितलं जायचं. भेट अडवणुकीसाठी नसते, पण वेळ लागतो. मूळ नाव हाती आल्यावरच प्रश्न १८ मधला अर्ज करा, कारण बालगृहाची फाइल जन्मनावाने असते.

२१. फाइल आली, पण अर्धी पानं काळी केलेली आहेत. तक्रार करावी का?

आधी काय झाकलंय ते पाहा. भावंडं, आईवडील, शेजारी, तक्रार करणारी व्यक्ती अशा इतरांबद्दलची माहिती कायद्याने झाकता येते. त्यातल्या एखाद्याचा मृत्यू झाला असेल किंवा त्यांची संमती तुमच्याकडे असेल, तर पुरावा जोडून ती पानं पुन्हा मागा. भाऊ-बहीण दोघांनी वेगवेगळे अर्ज करून फायली शेजारी ठेवल्या, तर एकीतलं झाकलेलं दुसरीत उघडं सापडतं.

फाइल एकट्याने वाचू देऊ नका. जुन्या नोंदींची भाषा कोरडी आणि अनेकदा क्रूर असते. आईबद्दल एका ओळीत लिहिलेला शेरा सत्तरीतल्या माणसालाही मुळापासून हलवतो.

२२. आमच्याकडे बालगृहातल्या मुलांचा जुना गटफोटो आहे. नावांसह ऑनलाइन टाकू का?

फोटो जपा, वर्ष आणि तो कुणाकडून आला ते मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने लिहा, बॉलपेनने नको, कारण दाबाच्या रेघा पुढच्या बाजूला उठतात. नावं मात्र टाकू नका. फोटोतली मुलं आज सत्तर-ऐंशीची असतील, आणि बालगृहात होतो ही गोष्ट त्यांतल्या काहींनी स्वतःच्या मुलांनाही सांगितलेली नसते. हेरिटेज सेंटरला (प्रश्न १८) प्रत द्या आणि नावांची यादी वेगळ्या कागदावर सोबत ठेवा.